चर्चा : संगणक बंद पडला तरी वीज, पाणी आणि इंधन हाताने चालवता आले पाहिजे का?

काठावरचा (विषयप्रवर्तक)

सायबर युद्धाचा विषय निघाला की चर्चा फायरवॉल आणि पासवर्ड यांच्यापाशीच घोटाळते. शत्रू कधी ना कधी आत शिरणारच, असे धरून चालावे आणि वीज, पाणी व इंधन यांच्या यंत्रणा निदान काही दिवस माणसांना हाताने चालवता येतील अशी तजवीज कायद्याने सक्तीची करावी, असे माझे मत आहे.

२३ डिसेंबर २०१५ रोजी पश्चिम युक्रेनमधील एका वीज वितरण कंपनीच्या नियंत्रण कक्षात कर्मचाऱ्यांच्या डोळ्यांदेखत पडद्यावरचा कर्सर आपोआप फिरू लागला आणि उपकेंद्रांचे ब्रेकर (वीजप्रवाह तोडणारे मोठे स्विच) एकामागून एक उघडत गेले. त्या दिवशी तीन कंपन्यांच्या मिळून सुमारे २,२५,००० ग्राहकांची वीज गेली. हल्लेखोरांनी ग्राहकांच्या तक्रारींचे फोन खोट्या कॉलने जाम केले, नियंत्रण कक्षाची बॅकअप वीज तोडली आणि उपकेंद्रांशी संपर्क ठेवणाऱ्या उपकरणांचे फर्मवेअर, म्हणजे उपकरणातच बसवलेले सॉफ्टवेअर, पुसून टाकले. एवढे होऊनही काही तासांत वीज परतली, कारण कर्मचारी गाड्या घेऊन उपकेंद्रांवर पोहोचले आणि त्यांनी ब्रेकर हाताने लावले.

ग्रिडकर

असहमत. युक्रेनमध्ये ते जमले, कारण तिथली यंत्रणा जुनी होती आणि हाताने काम करणारी माणसे अजून सेवेत होती. आज वीज हजारो लहान सौर आणि पवन प्रकल्पांतून येते, आणि मागणी व पुरवठा यांचा मेळ क्षणोक्षणी घालावा लागतो. हे काम फोनवरून सूचना देऊन होणारे नाही.

शिवाय नियंत्रण कक्ष आंधळा झाला की काय होते, हे १४ ऑगस्ट २००३ रोजी दिसले आहे. अमेरिकेतील ओहायो राज्यात एका वीज कंपनीची धोक्याची सूचना देणारी प्रणाली सॉफ्टवेअरमधील दोषामुळे गप्प झाली, झाडांना टेकून वाहिन्या एकेक करून बंद पडत असताना चालकांना त्याचा पत्ता नव्हता, आणि अखेरीस अमेरिका व कॅनडातील सुमारे ५ कोटी लोक अंधारात गेले. तिथे कोणी शत्रू नव्हता. म्हणून पैसा अधिक चांगल्या देखरेखीवर लावावा. वर्षानुवर्षे रिकाम्या बसलेल्या माणसांच्या हातातले कसब तसेही गंजते.

शंकेखोर

मला तर मुळात ‘युद्ध’ हा शब्दच फुगवलेला वाटतो. डिसेंबर २०१६ मध्ये कीव्हवर खास वीजयंत्रणेसाठी लिहिलेले मालवेअर (घातक सॉफ्टवेअर) सोडले गेले आणि शहराच्या एका भागातील वीज जेमतेम तासभर गेली. ऑक्टोबर २०२२ पासून क्षेपणास्त्रांनी आणि ड्रोननी त्याच देशाच्या वीजयंत्रणेची जी दुर्दशा केली, तिच्यापुढे हे काहीच नाही. ट्रान्सफॉर्मरचे सुटे साठे करा, ते दोन्ही संकटांत कामी येतील. मे २०२१ मधील अमेरिकेतील कलोनियल या इंधनवाहू पाइपलाइनचे प्रकरण तर सरळ खंडणीचे होते : वापरात नसलेल्या एका व्हीपीएन खात्याचा (बाहेरून कंपनीच्या जाळ्यात शिरण्याच्या सोयीचा) पासवर्ड चोरांच्या हाती लागला, दुसऱ्या टप्प्याची पडताळणी नव्हती, आणि कंपनीने ७५ बिटकॉइन, म्हणजे तेव्हाचे सुमारे ४४ लाख डॉलर, मोजले.

काठावरचा

आपल्याच उदाहरणाचा दुसरा अर्धा भाग पाहा. रॅन्समवेअर, म्हणजे संगणक अडवून खंडणी मागणारे सॉफ्टवेअर, कार्यालयीन संगणकांत होते. पाइपलाइनची नियंत्रण प्रणाली बाधित झाल्याचे आढळले नाही. तरीही खात्री देता येत नसल्यामुळे कंपनीने स्वतःच प्रवाह थांबवला आणि पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या. संशयाच्या काळात यंत्रणा कोणाच्या भरवशावर चालवायची, हाच माझा प्रश्न आहे. आणि क्षेपणास्त्र निदान दिसते तरी; २०१७ मध्ये सौदी अरेबियातील एका पेट्रोकेमिकल प्रकल्पात हल्लेखोरांनी थेट आपत्कालीन सुरक्षा प्रणालीतच हात घातला होता, आणि ती प्रणाली बिघडून प्रकल्प आपोआप बंद पडला म्हणूनच तो डाव उघड झाला.

ग्रिडकरांना एवढेच सांगतो की देखरेख काढून टाका, असे मी म्हटलेले नाही.

मीटरवाचक

दोन्ही बाजूंकडून एक गोष्ट सुटते आहे. इराणमधील नतांझ येथील युरेनियम समृद्धीकरण केंद्राची यंत्रणा इंटरनेटला जोडलेली नव्हती, तरी २०१० मध्ये उघडकीस आलेले स्टक्सनेट हे मालवेअर तिथपर्यंत पोहोचले. ते पेनड्राइव्हमधूनही पसरत असे. सेंट्रिफ्यूजचा (युरेनियम समृद्ध करणाऱ्या, वेगाने फिरणाऱ्या यंत्रांचा) वेग बिघडवला जात असताना चालकांसमोर मात्र सारे सुरळीत असल्याचे आकडे दिसत राहिले. खोटा आकडा पाहून हाताने झडप फिरवणारा माणूसही नुकसानच करणार. तेव्हा संगणकाशी अजिबात संबंध नसलेला, नळीवर बसवलेला साधा काट्याचा दाबमापक आधी हवा, माणूस नंतर.

ग्रिडकर

दाबमापकाचा मुद्दा मान्य. पाणीपुरवठा आणि स्थानिक वीज वितरण यांच्यापुरती हातचालित सोयही मान्य करतो, पारेषणासाठी, म्हणजे लांबवर वीज वाहून नेणाऱ्या उच्चदाब जाळ्यासाठी, नाही. पण सराव सक्तीचा करायचा तर तो चालू वाहिनीवरच करावा लागेल, कारण कागदावरच्या सरावाने हात बसत नाही. अशा सरावात ब्रेकर चुकीच्या क्रमाने उघडला आणि एखाद्या रुग्णालयाची वीज गेली, तर जबाबदारी कंपनीची, नियामकाची की सक्ती करणाऱ्या सरकारची? प्रस्तावाच्या मसुद्यात हे कलम कसे लिहिणार, ते काठावरचा यांनी आधी सांगावे.