मदत हवी आहे: बंबात भुशाचे ब्रिकेट कसे पेटवता?

नमस्कार मंडळी. गोंदियाकडची थंडी तुम्हाला ठाऊकच आहे. यंदा बंबाला आणि आजीच्या शेगडीला लाकडाऐवजी आरा मशीनच्या भुशाचे दाबलेले ब्रिकेट आणले. बॉयलरवाले वापरतात तेच, ९० मिलिमीटर जाडीचे. एकदा धरले की आच झकास, धूरही ओल्या लाकडापेक्षा कमी. पण लवकर धरतच नाहीत! फोडून, खाली तुराट्या घालूनही बघितलं. त्यात पडवीतल्या पोत्यातले काही ओल धरून फुगले, हातात घेतले की नुसता भुसा. बंबाची जाळी बदलावी लागेल का? साठवता कुठे? पऱ्हाटीचे ब्रिकेट कोणी वापरलेत का, राख जास्त पडते का? (शेगडी अंगणातच असते, बंद खोलीत नाही, तेव्हा त्यावरून रागावू नका.) तुमच्याकडचा भावही सांगा.