मदत हवी आहे: रोज एक इंग्रजी शब्द शिकते, पण वेळेला एकही आठवत नाही

तनया_र
नमस्कार. गेले बरेच महिने रोज एक नवा इंग्रजी शब्द शिकतेय. सकाळी शब्द येतो, मी तो अर्थासकट वहीत उतरवते, खाली एक वाक्य लिहिते आणि दिवसभर मनात घोळवते. वही भरत आली. पण बोलायची किंवा लिहायची वेळ आली की पुन्हा तेच गुड, बिग, प्रॉब्लेम, इम्पॉर्टंट. माझी पद्धत चुकतेय की रोज एक शब्द हे प्रकरणच फोल आहे? कृपया नुसतं 'वाचन वाढवा' सांगू नका, ते सगळेच सांगतात. पुढच्या महिन्यात गरज आहे, लवकर सुचवा.

अनुस्वार
गरज कसली? परीक्षा, मुलाखत, नोकरी? आणि 'शब्द येतो' म्हणजे येतो कुठून? वहीतले शेवटचे चार-पाच शब्द इथे लिहा, मग सांगता येईल.

वाचनवेडा
तुम्ही नको म्हणालात तरी सांगतो, कारण दुसरा रस्ता नाही. शब्द वाक्यात भेटावा लागतो, तोही पुन्हा पुन्हा, वेगवेगळ्या ठिकाणी. सोप्या कादंबऱ्या घ्या, दर ओळीला शब्दकोश उघडू नका, अर्थ अंदाजाने लावत पुढे जा. मी इंग्रजी असंच शिकलो. एकही यादी पाठ केली नाही.

कार्डवाला
वाचनाने फायदा होतो, पण वर्षं जातात आणि ताईंच्या हातात महिना आहे. खरी अडचण उजळणीची आहे. आज शिकलेला शब्द पुन्हा कधी पाहता? हर्मन एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ मध्येच दाखवून दिलं की पाठ केलेलं सुरुवातीच्या काही तासांत झपाट्याने विसरतं, नंतर वेग मंदावतो. त्यावर उपाय म्हणजे अंतर वाढवत नेऊन उजळणी. सेबास्टियन लाइटनर या पत्रकाराने १९७२ मध्ये कप्प्यांच्या पेटीची पद्धत सांगितली. कार्डाच्या एका बाजूला शब्द, दुसऱ्या बाजूला अर्थ. कार्ड बरोबर आलं की पुढच्या कप्प्यात, चुकलं की परत पहिल्यात. पुढचे कप्पे उशिरा उघडायचे. तेच काम आता अँकी नावाचं ॲप करतं. संगणकावर आणि अँड्रॉइडवर फुकट आहे, आयफोनवर पैसे पडतात. आजच टाका.

वाचनवेडा
एबिंगहाउसने प्रयोग स्वतःवरच केले होते आणि तेही निरर्थक अक्षरगटांवर. अर्थ असलेला, गोष्टीत भेटलेला शब्द तसा विसरत नाही. कार्डं घोकून कार्डंच पाठ होतात.

कार्डवाला
अर्थ असलेलाही विसरतो, थोडा उशिरा इतकंच. पुन्हा कधी पाहायचं याचं वेळापत्रक वाचनाला नसतं. एखादा शब्द तीनशे पानं पुन्हा भेटलाच नाही तर काय करायचं?

सोनचाफा
माझ्या मते लहान मुलांना पहिल्यापासून चित्रांची पुस्तकं द्यावीत आणि घरातल्या वस्तूंवर इंग्रजी नावांच्या चिठ्ठ्या लावाव्यात. आमच्याकडे फार उपयोग झाला. स्पेलिंगसाठी शब्दाचे तुकडे पाडून म्हणायला लावा.

तनया_र
@सोनचाफा, मुलांसाठी नाही हो, मलाच हवं आहे. स्पेलिंगची अडचण नाही.
@अनुस्वार, शब्द मोबाइलवरच्या ॲपवर येतो. शेवटचे असे: पर्स्पिकेशस, डिफेनेस्ट्रेशन, ऑब्स्ट्रेपरस, लॅकॉनिक, सेस्क्विपिडेलियन. सगळ्यांचे अर्थ आत्ता विचारलेत तरी सांगेन.

अनुस्वार
अर्थ येतात म्हणजे उजळणी ठीकच चाललीय. गरज कसली ते अजून सांगितलं नाहीत.

पिंपळपान
डिफेनेस्ट्रेशन म्हणजे खिडकीबाहेर फेकणं ना? प्रागमध्ये १६१८ साली राजाच्या अधिकाऱ्यांना किल्ल्याच्या खिडकीतून खाली फेकलं होतं. वाचले ते. त्यातूनच पुढे युरोपातल्या तीस वर्षांच्या युद्धाला तोंड फुटलं. अशी गोष्ट जोडली की शब्द जन्मात विसरत नाही. प्रत्येक शब्दाचा इतिहास शोधा, हीच खरी पद्धत.

कार्डवाला
लक्षात राहील हो, पण ताई तो वापरणार कुठे?

गणिती
आकडे बघा. रोज एक म्हणजे वर्षाला ३६५, एकही न विसरता. पॉल नेशन या भाषातज्ज्ञाने २००६ मध्ये हिशेब मांडला होता की इंग्रजी कादंबरी किंवा वर्तमानपत्र आधाराशिवाय वाचायचं तर आठ-नऊ हजार शब्दकुटुंबं लागतात. शब्दकुटुंब म्हणजे डिसाइड, डिसिजन, डिसायसिव्ह मिळून एक. आठ हजार भागिले ३६५ केलं तर वीस वर्षांच्या वर जातं. शून्यापासून कुणीच सुरू करत नाही, मान्य. तरी या वेगाने निवड चुकली तर काहीच हाती लागत नाही. उलट एव्हरिल कॉक्सहेड या भाषातज्ज्ञ बाईंची २००० सालची शैक्षणिक शब्दांची यादी ५७० कुटुंबांची आहे आणि अभ्यासाच्या इंग्रजी मजकुरातला सुमारे दहा टक्के भाग तेवढ्यात येतो. असेस, इंडिकेट, सिग्निफिकंट असले शब्द. रोज एक घेतला तर दीड वर्षाच्या थोडं पुढे यादी संपते. म्हणजे रोज एक फोल नाही, शब्द कुठला हा प्रश्न आहे.

वाचनवेडा
यादी ती यादीच.

तनया_र
मला दीड वर्ष नाहीये! नोकरीत दर महिन्याला रिपोर्ट लिहावा लागतो. पुढच्या महिन्यापासून तो मीटिंगमध्ये मांडायचाही आहे, मग प्रश्नोत्तरं. वाचून सगळं कळतं, ईमेलही कळतात. मांडताना मात्र शब्द सापडत नाहीत, प्रत्येक गोष्टीला प्रॉब्लेम म्हणून मोकळी होते.

अनुस्वार
हे आधी सांगितलं असतंत तर अर्धा धागा वाचला असता. तुम्हाला शब्द *ओळखायचे* नाहीत, *काढायचे* आहेत. या दोन कामांना सराव वेगवेगळा लागतो. वहीत डावीकडे इंग्रजी शब्द आणि उजवीकडे अर्थ असेल तर सराव ओळखण्याचाच होतो. सेस्क्विपिडेलियनचा अर्थ येतो आणि मीटिंगमध्ये जीभ अडते, ते यामुळे.

ॲप महिनाभर बंद ठेवा. मागचे तीन-चार रिपोर्ट काढा आणि जिथे जिथे प्रॉब्लेम लिहिलंय तिथे खूण करा. तिथे नेमकं काय घडलं होतं? काम उशिरा झालं असेल तर डिले. माणसं कमी पडली तर स्टाफ शॉर्टेज. सगळं एकाच टेबलावर तुंबलं असेल तर बॉटलनेक. ठरलेलं काम मध्येच फसून मागे गेलं तर सेटबॅक. हे शब्द तुम्हाला वाचताना येतातच, फक्त हाताशी नाहीत. रोज यातला एक घ्या.

घ्याल तेव्हा शब्द एकटा घेऊ नका, त्याच्या जोडीदारासकट घ्या. नुसतं डेडलाइन नको: मीट अ डेडलाइन, मिस अ डेडलाइन, एक्स्टेंड द डेडलाइन. नुसतं कन्सर्न नको: रेझ अ कन्सर्न, ॲड्रेस अ कन्सर्न. बोलताना आपण अडतो ते बहुधा क्रियापदापाशी. शिकणाऱ्यांसाठीच्या शब्दकोशात या जोड्या उदाहरणांसकट असतात. ऑक्सफर्डचा लर्नर्स शब्दकोश नेटवर फुकट पाहता येतो.

कार्डवाला
याला अनुमोदन, आणि यात कार्डं चपखल बसतात. फक्त कार्ड उलटं करा. पुढच्या बाजूला मराठीत प्रसंग लिहा: 'एकाच साहेबांची सही लागते म्हणून सगळी कामं अडकतात.' मागे पूर्ण वाक्य: 'द अप्रूव्हल स्टेज इज अवर बॉटलनेक.' कार्ड उलटण्याआधी वाक्य मोठ्याने म्हणायचं. मनातल्या मनात 'येतंय' म्हणून पुढे गेलात तर ते चूक धरा आणि पहिल्या कप्प्यात टाका.

वाचनवेडा
मोठ्याने म्हणण्याचं पटलं. तरी एक भर घालतो. तुमच्याच क्षेत्रातल्या कुणाचे चांगले लिहिलेले दोन-तीन रिपोर्ट मिळवा आणि पुन्हा पुन्हा वाचा. कादंबरी नको, हे वाचन तरी कराल ना?

पिंपळपान
सेटबॅकचा इतिहासही

पिंपळपान
अर्धवट गेलं, माफ करा. राहू द्या, विषयांतर होतंय.

तनया_र
@वाचनवेडा, हो, हे वाचन नक्की करीन. सहकाऱ्याकडे मागितले आहेत.
@अनुस्वार, मागच्या रिपोर्टात पहिल्याच पानावर 'देअर वॉज अ प्रॉब्लेम ऑफ स्टाफ, सो वर्क वॉज अ प्रॉब्लेम' असं सापडलं. ते असं केलं: 'अ स्टाफ शॉर्टेज डिलेड द वर्क बाय टू वीक्स.' बरोबर आहे का? आणि प्रश्नोत्तरांचं काय करायचं? तिथे तर काय विचारतील तेही माहीत नसतं.

अनुस्वार
वाक्य उत्तम. कारण, परिणाम आणि अवधी तिन्ही एका ओळीत आले. प्रश्न बरेचसे ठरलेले असतात: का झालं, कधी सुधारेल, काय लागेल. तिन्हींच्या उत्तरांची कार्डं आत्ताच करा. उत्तर हाताशी नसेल तेव्हासाठी एक वाक्य वेगळं पाठ ठेवा: 'आय विल कन्फर्म द फिगर अँड गेट बॅक टू यू बाय टुमॉरो.' आधी सहकाऱ्याला समोर बसवून त्याला हवे ते प्रश्न विचारू द्या, आणि जिथे अडलात तो उद्याचा शब्द.

गणिती
बाय टुमॉरो म्हणालात तर उद्या खरंच द्यावं लागेल. बाय फ्रायडे म्हणा.