बंद झालेले प्रकल्प नव्या प्रणालीत न्यायचेच कशाला?

माहुलीकर (सातारा)

प्रोजेक्ट ऑनलाइन (प्रकल्पांच्या नियोजनाची मायक्रोसॉफ्टची ऑनलाइन सेवा) वापरणाऱ्यांसाठी हा धागा काढतोय. मायक्रोसॉफ्ट ही सेवा ३० सप्टेंबर २०२६ ला बंद करणार आहे आणि नव्या ग्राहकांना ती ऑक्टोबर २०२५ पासून विकतही नाही. डेस्कटॉपवरचा प्रोजेक्ट राहणार, प्लॅनर राहणार, स्वतःच्या सर्व्हरवर चालणारी प्रोजेक्ट सर्व्हरची सबस्क्रिप्शन आवृत्तीही राहणार. जातंय ते मधलं मोठं घबाड : सगळ्या प्रकल्पांची एकत्र यादी, माणसांचा सामाईक पूल, टाइमशीट, मंजुऱ्या आणि साहेबांच्या टेबलावर जाणारे पोर्टफोलिओचे तक्ते.

आमचा कारखाना सातारा एमआयडीसीत आहे. ग्राहकाच्या गरजेप्रमाणे यंत्रं बनवतो, त्यामुळे प्रत्येक ऑर्डर हा एक प्रकल्प. स्थलांतराची बैठक झाली की एकच सूर निघतो, ‘सगळं घ्या, काही सोडू नका.’ माझं मत याच्या अगदी उलट आहे. चालू प्रकल्प तेवढे नव्या प्रणालीत न्यावेत. बंद झालेल्यांचा डेटा टेबलांच्या रूपात बाहेर काढून फक्त वाचण्यापुरता ठेवावा, नव्या प्रणालीत तो घालूच नये.

नियोजनाच्या फायलीतल्या सगळ्या तारखा कुणी हाताने लिहिलेल्या नसतात. बऱ्याचशा गणिताने येतात. कुठलं काम कुठल्या कामानंतर, कॅलेंडर कोणतं, तारखेवर बंधन घातलंय का, काम ‘फिक्स्ड ड्युरेशन’चं (कालावधी ठरलेला) की ‘फिक्स्ड वर्क’चं (तास ठरलेले), यावर त्या ठरतात. प्रत्येक प्रणालीचं हे गणित थोडं थोडं वेगळं असतं. फाईल नव्या ठिकाणी उघडली की न झालेल्या कामांच्या तारखा सरकतात. चालू प्रकल्पात ते लगेच नजरेत येतं, प्रकल्पाचा माणूस बसून दुरुस्त करतो. बंद प्रकल्पाकडे बघायला कोण आहे? आणि ‘बंद’चा शिक्का मारलेल्या कितीतरी प्रकल्पांत शेवटची चार कामं शंभर टक्के केलेलीच नसतात. माल गेला, बिल निघालं, पुढे फाईलला कुणी हात लावला नाही. अशी फाईल नव्या प्रणालीत गेली की तिच्या शेवटच्या तारखा आपोआप बदलू शकतात, आणि आपण झालेला इतिहास नकळत पुसून दुसराच लिहून ठेवतो.

दुसरं, कस्टम फील्डचा, म्हणजे आपणच जोडलेल्या रकान्यांचा पसारा. एकाच ग्राहकाचं नाव तीन तऱ्हेने लिहिलेलं, विभाग बंद होऊन वर्षं लोटली तरी लुकअपच्या (निवडायच्या नावांच्या) यादीत कायम. हे सगळं ओढून नेलं तर नवं घर पहिल्या दिवसापासून अडगळीचं. आणि वेळ तर सगळ्यांकडेच मोजका आहे.

कुपवाडकर

माहुलीकर, गणिताचा मुद्दा बरोबर आहे, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष मला अजिबात पटलेला नाही.

आम्ही साखर कारखान्यांची यंत्रसामग्री बसवतो. आमचं वर्ष गळीत हंगामाच्या उलटं चालतं. मार्च-एप्रिलला हंगाम संपला की काम सुरू, आणि बॉयलर अग्निप्रदीपनाच्या (हंगामाआधी बॉयलर पेटवण्याच्या) आत सगळं उभं राहिलं पाहिजे. ती तारीख पुढे ढकलता येत नाही, कारण ऊस कुणासाठी थांबत नाही. सांगली, सातारा, कोल्हापूर, सोलापूर, सगळ्या कारखान्यांची निकड एकाच वेळी. फिटर तेच, वेल्डर तेच, सुपरवायझर तेच. यंदा किती ऑर्डर घ्यायच्या हा आमच्या धंद्यातला सगळ्यात अवघड निर्णय, आणि तो आम्ही मागच्या ऑफ-सीझनच्या आकड्यांवर घेतो. मिलचं फाउंडेशन ठरल्यापेक्षा किती लांबलं, गिअरबॉक्स यायला उशीर झाला तेव्हा माणसं कुठे रिकामी बसली, एकाच आठवड्यात दोन ठिकाणी क्रेन लागली तेव्हा काय झालं.

हे सगळं बंद प्रकल्पांतच आहे. पोर्टफोलिओचा अर्थच मुळात अनेक प्रकल्प शेजारी-शेजारी ठेवून बघणं. जुने बाजूला काढलेत तर उरते नुसती चालू कामांची यादी, आणि त्याला एक्सेल पुरतं.

‘वाचण्यापुरतं ठेवू’ हे मी आधीच्या नोकरीत ऐकलंय. पोटमाळ्यावर टाकलेल्या वह्यांसारखं होतं ते. वह्या असतात, पण शिडी लावून चढायला कुणी जात नाही. ज्याला पासवर्ड माहीत तो नोकरी सोडतो आणि दोन वर्षांत तो डेटा असून नसल्यासारखा होतो. नवा पोरगा अंदाजपत्रक करताना समोरच्या स्क्रीनवर जे दिसतं तेच बघतो. म्हणून जुने प्रकल्प त्याच प्रणालीत, त्याच शोधात दिसले पाहिजेत.

जॅकवेल

मी ठेकेदाराकडे नियोजन बघतो, उपसा सिंचनाची कामं. आमच्याकडे प्रिमाव्हेरा (नियोजनाचं दुसरं सॉफ्टवेअर) आहे, पण दुखणं तेच. दोघांशीही थोडा सहमत आहे आणि दोघांशीही भांडायचं आहे.

आधी एक उदाहरण. कृष्णेच्या पात्रातलं जॅकवेलचं, म्हणजे पाणी उपसायच्या विहिरीचं काम आम्ही पावसाळी कॅलेंडरवर ठेवतो. जून ते सप्टेंबर त्या कॅलेंडरला सुट्टी, कारण नदीत बांध टिकत नाही. पंपहाऊसची जमिनीवरची कामं दुसऱ्या कॅलेंडरवर. एका स्थलांतरात कामं आली, त्यांचे संबंध आले, कालावधी आले, फक्त कॅलेंडरमधले अपवाद आले नाहीत. प्रणालीने कुठेही चूक दाखवली नाही. सगळं हिरवं. आणि पात्रातली खोदाई ऐन ऑगस्टमध्ये, प्रकल्प मात्र चार महिने आधी पूर्ण! ज्याला कृष्णा माहीत आहे त्याला एका नजरेत कळलं. स्थलांतर करून देणारी मंडळी दुसऱ्या शहरातली होती, त्यांना कळायचं काही कारणच नव्हतं.

म्हणून कामांची संख्या जुळली म्हणजे स्थलांतर झालं असं कुणी सांगितलं तर सही करू नका. प्रत्येक प्रकल्पाची शेवटची तारीख, बेसलाइनची (सुरुवातीला ठरवून गोठवलेल्या आराखड्याची) शेवटची तारीख, एकूण तास, एकूण खर्च आणि क्रिटिकल पाथवरच्या (ज्यांना उशीर झाला तर अख्खा प्रकल्प लांबतो अशा) कामांची यादी, आधीची आणि नंतरची, शेजारी ठेवून बघा. प्रिमाव्हेरात तर गणिताची पद्धत बदलली, म्हणजे कामांचा ठरलेला क्रम पाळणाऱ्या ‘रिटेन्ड लॉजिक’ऐवजी तो बाजूला ठेवणारी ‘प्रोग्रेस ओव्हरराइड’ लागली, तर तीच फाईल वेगळी तारीख देऊ शकते. या सेटिंग्जचीही नोंद ठेवा.

आता भांडण. माहुलीकर, टेबलं काढून ठेवणं पुरत नाही. मुदतवाढीचा अर्ज असो की लवाद, तिथे विचारतात की अमुक महिन्यात तुम्ही खात्याला सादर केलेला कार्यक्रम कुठाय. शेवटची स्थिती कुणी विचारत नाही, महिन्या-महिन्याची विचारतात. जमीन ताब्यात कधी आली, त्या वेळी क्रिटिकल पाथ कुठून जात होता, हे त्या महिन्याच्या मूळ फायलीतच दिसतं. हिंडरन्स रजिस्टरमधल्या (कामातल्या अडथळ्यांच्या वहीतल्या) नोंदीला आधार तोच. मायक्रोसॉफ्टच्या प्रोजेक्टमध्ये मूळ एक आणि वर दहा, अशा अकरा बेसलाइनला जागा असते. लोक मात्र एकाच बेसलाइनवर पुन्हा पुन्हा लिहितात, मग आधीचं वचन काय होतं तेच उरत नाही. तेव्हा जे मूळ रूपात आहे ते मूळ रूपातच जपा, एमपीपी (प्रोजेक्टची फाईल) असो की एक्सईआर (प्रिमाव्हेराची). आणि सोबत पीडीएफ, कारण दहा वर्षांनी ती फाईल उघडणारं सॉफ्टवेअर हाताशी असेलच असं नाही.

कुपवाडकर, तुमच्याशी भांडण असं की दाव्यात लागणारा प्रकल्प नव्या प्रणालीत ‘दिसावा’ म्हणून घातलात आणि त्याच्या तारखा हलल्या, तर समोरचा वकील दोन्ही प्रती टेबलावर ठेवेल. खरी कुठली, ते तुम्ही सिद्ध करत बसाल.

हिशेबाची_वही

अकाउंट्सची बाजू कुणी मांडत नाही म्हणून लिहिते. तुम्ही सगळे फायलींबद्दल बोलताय. टाइमशीट फायलीत नसतात हो. प्रकल्प एमपीपी म्हणून जतन केला तर कामं, संबंध, नेमणुका, बेसलाइन येतात. कुणी कुठल्या तारखेला किती तास भरले आणि ते कुणी मंजूर केले, हे येत नाही. जोखमी आणि अडचणींच्या याद्या, कागदपत्रं प्रकल्पाच्या शेअरपॉइंट साइटवर असतात, तीही त्या फाईलबरोबर येत नाहीत. ‘आम्ही सगळ्या एमपीपी उतरवून घेतल्या’ म्हणून निर्धास्त असलेल्यांनी आजच तपासा. टाइमशीट ओडेटा फीडमधून (सेवेतला डेटा टेबलांच्या रूपात बाहेर देणाऱ्या जोडणीतून) वेगळी काढावी लागतात, आणि ती नुसती बेरीज करून न काढता तारखेवार काढा.

आमच्याकडे मजुरीचा खर्च ऑर्डरवर टाकतो तो या तासांवरून. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १२८ प्रमाणे हिशेबाची पुस्तकं आणि त्यांना आधार देणारी व्हाउचरं आठ आर्थिक वर्षं ठेवावी लागतात. ज्या नोंदीला आधार म्हणून टाइमशीट लावलंय, तिच्यासोबत ते टिकलंच पाहिजे. लेखापरीक्षकाला ‘सेवा बंद झाली’ हे उत्तर चालत नाही.

आणि ‘सगळंच न्या’ म्हणणाऱ्या कुपवाडकर दादांना एक विनंती. टाइमशीटमध्ये माणसांची नावं असतात, सोडून गेलेल्यांचीही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचा रोख असा आहे की उद्देश संपला आणि दुसऱ्या कायद्याने ठेवायला सांगितलं नसेल, तर वैयक्तिक माहिती काढून टाकायची. अंदाजपत्रकाला तुम्हाला ‘फिटर, २४० तास’ एवढंच लागतं. कुठला फिटर हे लागत नाही. मग नावं कशाला पुढे न्यायची?

कराडचा_सर्व्हरवाला

एवढी उस्तवार करण्यापेक्षा सबस्क्रिप्शन आवृत्तीचा प्रोजेक्ट सर्व्हर स्वतःच्या मशीनवर घ्या. पडदे ओळखीचे, गणित ओळखीचं, माणसांना नव्याने शिकवायला नको. फक्त जुना २०१६ किंवा २०१९ चा सर्व्हर स्वस्तात मिळतोय म्हणून घेऊ नका, दोन्हींचा मायक्रोसॉफ्टचा आधार (सपोर्ट) १४ जुलै २०२६ ला संपतो.

कुपवाडकर

सर्व्हरवाले भाऊ, सांगलीत बसून हे वाचताना २०१९ आठवतं. आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट, आणि त्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. तळमजल्यावर मशीन असलेल्यांना विचारा. आता तुम्ही म्हणाल वरच्या मजल्यावर ठेवा, बॅकअप दुसऱ्या गावी ठेवा. ठेवू. पण ते बघायला माणूस लागतो, आणि आमच्याएवढ्या कारखान्यात तो रोज मिळत नाही. शिवाय ऑनलाइनमधला डेटा तिथेही काढून पुन्हा भरावाच लागणार, ते काम काही चुकत नाही.

हिशेबाची_वही ताई, नावांचा मुद्दा मान्य. नावाऐवजी कौशल्य ठेवू.

माहुलीकर (सातारा)

जॅकवेल, मूळ फायली महिन्यावार जपायच्या, हे माझ्या यादीत घालतो. आमच्याकडे दावे क्वचित, पण दंडाच्या अटी करारात असतातच. ताई, टाइमशीटसाठी ओडेटातून तारखेवार काढायचं काम आमच्या आयटीवाल्यांना सांगितलंय.

कुपवाडकर, तुमची गरज खरी आहे. पण तुम्हाला हवी आहेत ती मागची उत्तरं, आणि त्यांच्यासाठी जुना प्रकल्प जिवंत आराखडा म्हणून नव्या प्रणालीत असायला हवा असं नाही. बंद प्रकल्पांची टेबलं एका साध्या डेटाबेसमध्ये ठेवा, नव्या प्रणालीचा डेटाही रिपोर्टसाठी तिथेच आणा आणि दोन्हींवर पॉवर बीआयचा (अहवाल बनवायच्या सॉफ्टवेअरचा) एकच अहवाल लावा. अंदाजपत्रक करणारा पोरगा तोच अहवाल उघडेल. त्याला जुनं-नवं कळणारही नाही, आणि तारखा हलायचा प्रश्नच येणार नाही, कारण तिथे गणित करणारं इंजिनच नाही. एक मात्र आधी करावं लागेल, कामाच्या प्रकारांचे कोड जुन्या-नव्यात सारखे करणं. ‘फाउंडेशन’, ‘फौंडेशन’ आणि ‘पाया’ ही तिन्ही एका कोडखाली आली नाहीत तर तुलना होणारच नाही, मग डेटा कुठेही ठेवा.

कुपवाडकर

अहवालाची कल्पना चांगली आहे, हे मान्य. तरी माझं म्हणणं मागे घेत नाही. अहवालात तुम्ही ठरवलेले प्रश्नच विचारता येतात. माझ्या सुपरवायझरला एखादा जुना आराखडा उघडून, त्याची प्रत काढून, त्यावरच नव्या कारखान्याचं नियोजन सुरू करायचं असतं. आम्ही दर वर्षी तसंच करतो. म्हणून माझा प्रस्ताव असा : प्रत्येक प्रकारच्या कामाचा एक-एक नीट झालेला बंद प्रकल्प निवडायचा, त्यातली उरलीसुरली कामं आधी पूर्ण करून घ्यायची, नावं काढायची, आणि तो नव्या प्रणालीत नमुना म्हणून न्यायचा. बाकीचे तुमच्या डेटाबेसमध्ये. पण कुठले नमुने न्यायचे हे साइटवरचे लोक ठरवतील, आयटीवाले किंवा बाहेरचा व्हेंडर नाही.

जॅकवेल

नमुन्याला ‘हा मूळ दस्तऐवज नाही’ असं नावातच लिहा, म्हणजे दाव्याचा घोळ होणार नाही. आणि त्यांची कॅलेंडरं स्वतः उघडून बघा, तुमच्या हंगामाच्या तारखा त्यातच आहेत.

हिशेबाची_वही

एकच राहिलं. हे सगळं जुळलंय अशी सही कोण करणार ते आताच ठरवा. आमच्या बैठकीत आयटी म्हणतं प्रकल्पवाल्यांनी करावी, प्रकल्पवाले म्हणतात आयटीने. माझ्या मते तासांची आणि खर्चाची सही अकाउंट्सने करावी, तारखांची नियोजनवाल्यांनी, आणि दोन्ही सह्या होईपर्यंत जुनं खातं बंद करायला कुणी परवानगी देऊ नये. तेही ऑगस्टच्या आत, कारण सप्टेंबरात काही सापडलं नाही तर पुन्हा काढायला वेळ उरणार नाही.