आजोबांच्या पेटीतली हट्टीची गार आणि जमिनीच्या पोटातली चूल

देगलूरचा_नातू
नमस्कार मंडळी. दिवाळीआधी आमचं जुनं माळवद उतरवलं, तेव्हा आजोबांची पत्र्याची पेटी निघाली. तिच्यात अंड्याएवढी पांढरी गार, म्हणजे गारगोटी, होती. मधून करडी रेघ, रेघेत पिवळे चमकणारे ठिपके. पोलीस अ‍ॅक्शननंतर आजोबा तीन-चार वर्षं रायचूरकडे हट्टीच्या सोन्याच्या खाणीत कामाला होते. आजी सांगायची, "तुझ्या आज्यानं जमिनीच्या पोटात दुसऱ्याची चूल बघितली." आम्हाला ती गोष्टच वाटायची. ही चूल काय भानगड आहे? ठिपके सोन्याचे असतील का? आणि आपल्या मराठवाड्यात अशी जुनी खाण कुठं आहे का?

उदगीरकर_सर्व्हेवाला
आजी खरं सांगत होत्या. ती चूल मी बघितलीय. सव्वीस वर्षं हट्टीत सर्व्हेच्या कामाला होतो.

काम पुढं सरकताना मधेच पोकळी लागायची. आम्ही त्याला 'जुनं काम' म्हणायचो. बॅटरी मारली की आधी भिंत दिसते. सुरुंगानं फोडलेली भिंत दातेरी असते. ही मात्र कढईच्या आतल्या अंगासारखी गोल, गुळगुळीत आणि काळी. बोट फिरवलं की काजळी लागते. पायाखाली कोळसा, राख, खापराचे तुकडे. सुरुंगाची दारू नव्हती तेव्हा लोक खडकाला लाकडं लावून जाळायचे. तापलेला वरचा थर फुगून आतल्या थरापासून सुटतो, पाणी मारलं की तडकतो, मग छिन्नीनं काढायचा. सोनं असतं गारेच्या शिरेत, आणि 573 अंशांवर गारेची आतली रचनाच बदलून ती एकदम फुगते. आकडा त्यांना ठाऊक नव्हता, पण गार कधी फुटते ते हाताला ठाऊक होतं.

अशी कामं हट्टीत सहाशे फुटांच्याही खाली गेलीत. आपल्याकडं बोअर सहाशे फूट नेताना शेतकऱ्याचा जीव वरखाली होतो. तिथं माणसं लाकडाचे भारे घेऊन स्वतः उतरत होती. धुराचं काय करत असतील, हा विचार मला अजून सोडत नाही. आतल्या लाकडांचं कार्बन डेटिंग झालंय, सुमारे दोन हजार वर्षं. म्हणजे पैठण-तेर भरात होते तो सातवाहनांचा काळ. 1902 ते 1920 मोगलाईत, म्हणजे निजामाच्या राज्यात, कंपनीनं खाण चालवली, मग 1947 ला हैदराबाद गोल्ड माइन्स निघाली. तुमचे आजोबा त्यातलेच. नव्यांनी शीर शोधली तीसुद्धा जुन्यांच्या खड्ड्यांचा माग काढत, हे मी ठासून सांगतो.

ठिपक्यांचं म्हणाल तर टाचणीनं दाबून बघा. सोनं मऊ, खड्डा पडतो. माक्षिक, म्हणजे सोन्यासारखं चमकणारं लोखंड-गंधकाचं खनिज, असेल तर ओरखडाही उठत नाही. नाहीतर कपाच्या बुडाच्या खरबरीत कडेवर घासा. सोन्याची रेघ पिवळी, माक्षिकाची हिरवट काळी.

नांदेड_भूगोल
मराठवाड्यातली खाण विचारलीत. आपल्या पायाखाली बहुतेक सगळा लाव्ह्याचा काळा पाषाण. त्यात सोन्याची शीर मिळत नाही. देगलूर, बिलोली, किनवटकडं तो थर संपून जुना ग्रॅनाइट वर येतो, म्हणून तुमच्याकडचे दगड लातूरपेक्षा वेगळे दिसतात. पण हट्टीचा पट्टा त्याहून निराळा, धारवाडी खडकाचा, सोन्याच्या शिरा असतात तो. गावाकडं 'खजिन्याचं भुयार' म्हणून दाखवतात, ते बहुतेक वेळा पेव किंवा बुजलेली बारव निघते.

अंबडचे_गुरुजी
एक भर घालतो. हट्टीजवळ मस्की आहे. तिथला अशोकाचा शिलालेख 1915 मध्ये सापडला, तो निजामाच्या सोन्याच्या खाणीतल्या बीडन नावाच्या इंजिनिअरला. तोवर लेखांत 'देवानांपिय पियदसि' एवढंच मिळत होतं. मस्कीत 'अशोक' हे नाव कोरलेलं निघालं आणि हा राजा तोच, हे पक्कं झालं. सोनं शोधणाऱ्याच्या नजरेला ते पडलं, याचं मला फार अप्रूप वाटतं. त्याच भागातल्या मौर्यांच्या ठाण्याचं नाव लेखांत 'सुवर्णगिरी' येतं. ते नेमकं कुठलं यावर वाद आहे, पण मौर्य इतक्या लांब कशासाठी आले असतील हे नावच सांगतं.

देगलूरचा_नातू
कपावर घासलं. रेघ काळी आली, सोनं नाही. वाईट वाटलं नाही, खरंच. एक राहिलं. गारेची एक बाजू काळपट आहे आणि किंचित खोलगट. रंग लागला असेल म्हणून ब्रशनं घासून धुवायला काढली होती.

उदगीरकर_सर्व्हेवाला
धुऊ नका! खोलगट आणि काळी म्हणताय, तर उजेडात तिचा जवळून फोटो टाका. आधी कापसाच्या बोळ्यानं एका कोपऱ्याला हलकं पुसा. बोळा काळा झाला तर तसाच जपून ठेवा, आणि गार कागदात गुंडाळून पुन्हा पेटीत.