‘हेल्थ इम्पॅक्ट असेसमेंट’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न

आमच्या भागातल्या रस्तारुंदीच्या प्रस्तावावर हरकती-सूचना द्यायची मुदत चालू आहे. आम्ही रहिवासी मिळून मराठीत अर्ज लिहितोय. मागणी एवढीच की, निर्णय होण्याआधी या रुंदीकरणाचा लोकांच्या आरोग्यावर काय परिणाम होईल याचा रीतसर अभ्यास व्हावा आणि तो सगळ्यांना वाचायला मिळावा. इंग्रजीत याला ‘हेल्थ इम्पॅक्ट असेसमेंट’ म्हणतात. मराठीत ‘आरोग्य आघात मूल्यमापन’, ‘आरोग्य प्रभाव मूल्यांकन’, ‘आरोग्य परिणाम निर्धारण’ असं काहीही कानावर येतं. मसुदा वाचून शेजारच्या आजोबांनी विचारलं, “म्हणजे आमची रक्त-लघवी तपासणार का?” अर्जात नेमकं काय लिहावं?

प्रतिसाद

आजोबांचा प्रश्न रास्त आहे. ‘आरोग्य’ आणि ‘मूल्यमापन’ शेजारी आले की कोणालाही आरोग्य तपासणी शिबिरच आठवणार. इथे तपासायचं आहे ते धोरण, माणसं नव्हेत.

‘आघात’ मी मुळीच लिहिणार नाही. पर्यावरणाच्या बाबतीत तो रुळलाय, पर्यावरण मंजुरीच्या 2006च्या केंद्रीय अधिसूचनेच्या हिंदी नावातही ‘समाघात’ आहे. पण पक्षाघात, मानसिक आघात ही आपल्या रोजच्या बोलण्यातली सोबत पाहा. आघात म्हणजे मार, तो कधी चांगला नसतो. या अभ्यासात मात्र दोन्ही बाजू बघायच्या असतात. रस्ता रुंद झाला म्हणून गाड्या वेगाने जाऊ लागल्या, ओलांडताना म्हातारी माणसं अडकली, झाडं गेल्यामुळे दुपारी बसथांब्यावर उभं राहवेना, ही एक बाजू. त्याच आराखड्यात सलग, सपाट पदपथ आला आणि लोक भाजीला चालत जाऊ लागले, तर मधुमेह आणि रक्तदाबाच्या दृष्टीने तो फायदाच. मी ‘आघात’ लिहिलं की अधिकारी पहिल्याच ओळीला म्हणणार, हे लोक विरोधच करायला आलेत.

‘प्रभाव’ वक्त्याचा पडतो, व्यक्तिमत्त्वाचा पडतो. धुराचा मात्र परिणाम होतो. ‘परिणाम’ दोन्हीकडे चालतो, वाईट म्हणायचं तर ‘दुष्परिणाम’ आहेच. तेव्हा तो पक्का.

खरी अडचण ‘असेसमेंट’ची आहे. पुण्यात हा शब्द उच्चारला की मिळकतकराची आकारणी डोळ्यांपुढे येते. ‘निर्धारण’ करनिर्धारणाच्या फायलीतलं. ‘मूल्यमापन’ शाळेतून घरोघर पोहोचलं, पण ते शिकवून झाल्यावर होतं. आपल्या मागणीचा जीव तर ‘आधी’ या शब्दात आहे. रस्ता झाल्यावर केलेला अभ्यास पुढच्या रस्त्याला उपयोगी पडेल, या रस्त्यासाठी ते वरातीमागून घोडं. झाल्यानंतर जे करतात त्याला आपल्याकडे पंचनामा म्हणतात. म्हणून मी ‘आरोग्य-परिणाम पूर्वमूल्यांकन’ सुचवते. जोडरेघ ठेवाच, म्हणजे ‘आरोग्य’ हे ‘परिणाम’ला चिकटतं आणि तपासणीचा घोळ होत नाही.

प्रतिसाद

‘पूर्व’ला माझी हरकत नाही, पण त्याने अर्धंच काम होतं. 1999 साली जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागाच्या पुढाकाराने स्वीडनमधल्या गोथेनबर्गच्या नावाने ओळखला जाणारा, याच अभ्यासाबद्दलचा सहमतीचा मसुदा तयार झाला. त्यातल्या व्याख्येत दोन गोष्टी आहेत : लोकसंख्येच्या आरोग्यावर होऊ शकणारे परिणाम, आणि त्या परिणामांची लोकसंख्येतली वाटणी. मराठीत बोलताना ही वाटणी हमखास गळते.

माझं माहेर फुरसुंगीचं. पुणे शहराच्या उरुळी देवाची इथल्या कचरा डेपोजवळच्या घरात जेवायला बसलं की एक हात ताटावर वारत ठेवावा लागायचा, माश्यांसाठी. विहिरीचं पाणी वापरायची सोय नव्हती, टँकरची वाट बघायची. डेपोचा हिशोब ‘शहराच्या आरोग्यावरचा परिणाम’ एवढ्याच शब्दांत मांडला तर तो चांगलाच निघेल, कारण कचरा पेठांमधून, सोसायट्यांमधून उचलला जातो. सरासरी काढली की फुरसुंगी तिच्यात बुडून जाते. म्हणून नाव काहीही ठेवा, खाली स्पष्ट लिहा : ‘कोणाच्या वाट्याला काय येईल’. ‘वाट्याला येणं’ आपल्याकडे सुखालाही चालतं नि भोगालाही. ‘वितरण’ लिहू नका, त्याला रेशनचा वास येतो.

प्रतिसाद

शब्दाइतकाच अर्जातला आधारही महत्त्वाचा, म्हणून थोडं विषयांतर. 2006ची पर्यावरणाची अधिसूचना ठरावीक यादीतल्या प्रकल्पांना लागते : महामार्ग, खाणी, वीस हजार चौरस मीटरच्या पुढची बांधकामं. शहरातलं साधं रस्तारुंदीकरण सहसा त्यात येत नाही. 2013च्या भूसंपादन कायद्यात सामाजिक परिणामांचा अभ्यास आहे, पण तो त्या कायद्याखाली जमीन घ्यायची असेल तेव्हा. आरोग्यासाठी वेगळी सक्ती आपल्याकडे नाही. थायलंडमध्ये 2007च्या राष्ट्रीय आरोग्य कायद्याने असा अभ्यास मागण्याचा हक्क नागरिकांना दिला. वेल्सने 2017च्या कायद्यात सार्वजनिक संस्थांसाठी त्याची तरतूद केली. तेव्हा ‘नियमानुसार करावे’ असं लिहू नका, ‘आमची मागणी आहे’ असंच लिहा.

टप्प्यांची नावंही कचेरीला ओळखीची घ्या. अभ्यासाची गरज आहे का हे बघणं म्हणजे ‘छाननी’, कोणत्या गोष्टी तपासायच्या ते म्हणजे ‘व्याप्ती ठरवणे’. मग अभ्यास, शिफारशी, अहवाल आणि काम झाल्यावर ‘देखरेख’. व्याप्ती ठरवताना रहिवाशांना बोलवा, हा मुद्दा सोडू नका. श्वासाचे आजार, अपघात आणि गोंगाट यांतलं काय मोजायचं हे तिथेच ठरतं. जे तिथे सुटलं ते अहवालात कुठून येणार?

प्रश्नकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. ‘आघात’, ‘प्रभाव’, ‘निर्धारण’ काढून टाकले. आता परिच्छेद असा झालाय :

“रुंदीकरणाबाबत अंतिम निर्णय घेण्याआधी प्रस्तावाचे आरोग्य-परिणाम पूर्वमूल्यांकन करावे, म्हणजेच या कामामुळे लोकांच्या आरोग्यावर कोणते बरे-वाईट परिणाम होतील आणि लहान मुले, वृद्ध, पादचारी, पथारीवाले व रस्त्यालगतच्या वस्तीतील रहिवासी यांच्या वाट्याला त्यातील काय येईल, याचा अभ्यास करावा. अभ्यासाची व्याप्ती रहिवाशांच्या उपस्थितीत ठरवावी व अहवाल मराठीत प्रसिद्ध करावा, अशी आमची मागणी आहे.”

आजोबांना वाचून दाखवलं. त्यांनी ‘पादचारी’नंतर ‘सायकलवाले’ घालायला सांगितलंय, ते घालते आणि उद्या सह्या गोळा करायला निघतो.