मदत हवी आहे: भाऊ कागदावर सीएनसी शिकतोय, प्रत्यक्षात पॅकिंगला. तक्रार नेमकी कुणाकडे करायची?

अहमदपूरची_ताई:

मंडळी, नमस्कार. विषय किचकट आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

माझा धाकटा भाऊ बारावी झालाय. गेल्या पावसाळ्यात गावातल्याच एकाच्या ओळखीने चाकणला एका कंपनीत अप्रेंटिस म्हणून लागला. मध्ये एक एजन्सी आहे. दोघांचीही नावं इथे घेत नाही. करारात सीएनसी ऑपरेटर (संगणकावर चालणारं कटिंग मशीन चालवणारा) लिहिलंय, पण पहिल्या आठवड्यापासून त्याला डिस्पॅचला टाकलंय. खोकी बांधायची, स्टिकर लावायचे, पॅलेटवर रचायचे. सीएनसी मशीन त्याने काचेपलीकडून बघितलंय, तेवढंच. शिफ्ट आठ तासांची, पण रिलीव्हर (पुढच्या पाळीचा माणूस) आला नाही की बारा तास. आणि रिलीव्हर बहुतेकदा येतच नाही.

मला खटकलं ते त्याचं लॉगबुक. सुट्टीवर आला तेव्हा बॅगेत होतं. रोज काय शिकलो ते लिहायचा रकाना असतो ना, तो अख्ख्या महिन्याचा एकाच पेनने, एकाच अक्षरात भरलेला. अक्षर त्याचं नाही. 'टूल ऑफसेट सेट करणे', 'ड्रॉइंग वाचन', 'व्हर्नियरने मोजमाप'. ऑफसेट म्हणजे काय रे, विचारलं तर नुसता हसला. खाली सही मात्र त्याचीच. महिनाअखेरीला सगळ्या पोरांना रांगेत उभं करून सह्या घेतात म्हणे. १५ ऑगस्टला, कंपनी बंद असताना, हा 'थ्रेड कटिंग' शिकलाय!

विद्यावेतन सात हजार ठरलंय, हातात साडेपाच येतात. उरलेले दीड हजार सरकार थेट खात्यात टाकतं, आले नसतील तर सरकारला विचारा, असं एजन्सीवाला म्हणतो. आजवर एक रुपया दिसलेला नाही.

मला विचारायचंय ते असं. सरकार पैसे देतंय, तर पोरगं खरंच शिकतंय की नाही हे कुणी बघतं का? तक्रार केली तर त्याचं सर्टिफिकेट अडकेल का? आणि मध्येच सोडलं तर 'ट्रेनिंगचा खर्च भरून द्यावा लागेल' असं धमकावलंय, ते खरं आहे का?

जुना_एचआर:

ताई, आधी कराराची प्रत बघा. त्यावर अप्रेंटिसशिप इंडिया पोर्टलचा नोंदणी क्रमांक आहे का? असेल तरच तो कायद्याने शिकाऊ उमेदवार. नसेल तर तो नुसता 'कंपनी ट्रेनी', आणि मग हे प्रकरण कामगार खात्याच्या दारात जातं. चाकण-रांजणगाव पट्ट्यात पूर्वी 'नीम ट्रेनी' नावाचा प्रकार होता, त्याच्या आडून वर्षानुवर्षं लाइन चालवल्या गेल्या. एआयसीटीईने (तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेने) ती योजना गुंडाळली, पण सवय गेलेली नाही.

दीड हजाराबद्दल: एजन्सीवाला इथे चक्क खरं बोलतोय. नॅप्स, म्हणजे केंद्राच्या राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजनेत, किमान विद्यावेतनाचा २५ टक्के वाटा, महिन्याला जास्तीत जास्त १,५०० रुपये, केंद्र सरकार देतं. आधी ही रक्कम कंपनीला परत मिळायची, ऑगस्ट २०२३ पासून थेट उमेदवाराच्या खात्यात जाते. पण कंपनीने आपला वाटा दिल्याची नोंद पोर्टलवर केल्यावरच ती सुटते. आणि जाते आधारशी जोडलेल्या खात्यात, पगाराच्या नव्हे. एकाच माणसाची दोन-तीन खाती असली की गोंधळ इथेच होतो. भावाचं जुनं एखादं खातं आहे का बघा.

पोर्टलवर त्याचं लॉगिन कुणाच्या ईमेलवर आहे हेही तपासा. एजन्स्या सर्रास स्वतःचा ईमेल टाकतात.

शिल्पनिदेशक_निवृत्त:

आयटीआयमध्ये उभी हयात गेली, त्यामुळे थोडं लांबण लावतो.

शिकाऊ उमेदवार अधिनियम १९६१ चा. त्यात तुमच्या भावाच्या बाजूने बरंच काही आहे, फक्त कंपनीच्या नोटीस बोर्डावर ते कुणी लावत नाही. कलम १३: विद्यावेतन नगावर, म्हणजे पीस रेटने, देता येत नाही. कलम १५: ओव्हरटाइम बंद. शिकाऊ उमेदवारी सल्लागाराची (या कायद्याखालच्या सरकारी अधिकाऱ्याची) मंजुरी असेल तरच, आणि ती मंजुरीही प्रशिक्षणाच्या किंवा सार्वजनिक हिताची खात्री पटल्याशिवाय द्यायची नाही. रिलीव्हर आला नाही हे कारण त्यात बसत नाही. कलम १६: कामावर दुखापत झाली तर भरपाई. कलम ३० मध्ये तर स्पष्ट आहे की प्रशिक्षणाशी संबंध नसलेल्या कामाला लावणं हा गुन्हा. पूर्वी त्याला तुरुंगवासही होता. २०१४ च्या दुरुस्तीने तो काढून प्रत्येक प्रसंगाला १,००० रुपये दंड ठेवला. एक हजार! चाकणच्या कंपनीच्या चहाचा खर्च जास्त असेल.

सोडण्याबद्दल: उमेदवाराच्या चुकीमुळे करार मोडला तर प्रशिक्षणाचा खर्च वसूल होऊ शकतो हे खरं. पण तो किती, हे सल्लागार ठरवतो. एजन्सीला तो अधिकार नाही. उलट, कंपनीने अटी पाळल्या नाहीत म्हणून करार संपला तर भरपाई कंपनीने द्यायची. म्हणून पोराने आत्ता परस्पर निघून येऊ नये. आधी तक्रार, मग पुढचं.

तक्रार कुणाकडे? करारातून उद्भवलेला वाद कलम २० प्रमाणे शिकाऊ उमेदवारी सल्लागाराकडे जातो. निर्णय पटला नाही तर ३० दिवसांत अपील. महाराष्ट्रात हे काम व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालयाकडे आहे, जिल्ह्यात आयटीआयशी संलग्न बीटीआरआय (शिकाऊ उमेदवारांच्या मूलभूत प्रशिक्षणाचं) केंद्र असतं, तिथून सुरुवात करा. कंपनीचे कारखाने चार किंवा जास्त राज्यांत असतील तर मात्र विषय केंद्राकडे जातो. हे आधीच बघून ठेवा, नाहीतर दोन्ही कार्यालयं एकमेकांकडे बोट दाखवतात.

खवट_मिरची:

निदेशक साहेब, कलमं पाठ असून उपयोग काय? बघायला माणूस आहे का कुणी? सरकारला हजेरी, आधार आणि सर्टिफिकेट दिसतं, शिकणं दिसत नाही.

डिसेंबर २०२५ मध्ये पीएमकेव्हीवायवरचा, म्हणजे पंतप्रधान कौशल्य विकास योजनेवरचा, कॅगचा (सरकारी हिशेब तपासणाऱ्या महालेखापरीक्षकांचा) अहवाल संसदेत आला तो वाचा. साधारण ९६ लाख उमेदवारांपैकी ९४ टक्क्यांहून जास्त जणांच्या बँक खात्याच्या रकान्यात शून्य, 'नल', 'लागू नाही' किंवा नुसती मोकळी जागा. आणि ही योजना कसली, तर जिथे प्रशिक्षण केंद्राला तीस टक्के पैसे बॅच सुरू झाल्यावर, पन्नास सर्टिफिकेटवर आणि फक्त वीस नोकरी लागल्यावर मिळायचे. ऐंशी टक्के आधीच खिशात, मग नोकरीसाठी धावपळ कोण करेल?

शिल्पनिदेशक_निवृत्त:

ती योजना वेगळी, ही वेगळी. नॅप्समध्ये पैसा केंद्रचालकाकडे न जाता पोराच्या खात्यात जातो, हा फरक लहान नाही. बाकी तुमचं म्हणणं नाकारत नाही. कलम २९ मध्ये आस्थापनेत शिरून तपासणी करायचा अधिकार आहे. पण एका जिल्ह्यात किती कारखाने आणि अधिकारी किती, हे मी जवळून पाहिलंय. भेट झालीच तर ती एचआरच्या केबिनमध्ये होते, रजिस्टर समोर येतं, सह्या बघितल्या जातात. शॉप फ्लोअरवर जाऊन पोराच्या हातात व्हर्नियर देऊन 'माप घे' म्हणणारा विरळा. मी म्हणायचो. मला फार ठिकाणी दुसऱ्यांदा बोलावलं नाही.

अहमदपूरची_ताई:

सगळ्यांचे आभार. एचआर दादा, तुमचा अंदाज बरोबर निघाला. शाळेत असताना शिष्यवृत्तीसाठी गावच्या बँक मित्राकडे जनधन खातं काढलं होतं, पासबुक आईच्या ट्रंकेत. छापून आणलं तर दीड-दीड हजार व्यवस्थित जमा झालेत, एकही हप्ता चुकलेला नाही.

म्हणजे पैशाचा प्रश्न मिटला. पण खरं सांगू, त्याने मला जास्तच धास्ती बसली. कंपनीने तिचा वाटा दिला, सरकारने त्यांचा दिला, लॉगबुक भरलेलं, सह्या जागेवर. सरकारच्या लेखी माझा भाऊ सीएनसी ऑपरेटर होतोय. कुठला लाल दिवा लागणारच नाही.

कराराला पोर्टलचा क्रमांक आहे. कंपनीचं काम फक्त महाराष्ट्रात आणि गुजरातेत आहे असं त्याच्या सुपरवायझरने सांगितलं. भाऊ घाबरतोय. म्हणतो, सही मीच केलीय, मलाच पकडतील.

जुना_एचआर:

दोनच राज्यं, म्हणजे राज्याच्याच संचालनालयाकडे जा. सहीचं घाबरू नका. रांगेत उभं करून घेतलेल्या सह्या काय असतात हे तिथल्या प्रत्येकाला माहीत असतं. त्याच्या बॅचमधली आणखी दोघं-तिघं सोबत आली तर उत्तम, एकट्याच्या तक्रारीला 'कामचुकार पोरगा' हे उत्तर तयार असतं. सर्टिफिकेटचं म्हणाल, तर शेवटी परीक्षा आहेच. मशीनला हात न लावता प्रात्यक्षिकाला बसला तर ते असंही अडकेल.

कागदी_घोडा:

सोबत माहिती अधिकारातही टाका. महाराष्ट्रात अर्ज १५० शब्दांत आणि एकाच विषयाचा लागतो, शुल्क १० रुपये, ऑनलाइन होतो. इतर पोरांची नावं, हजेरी वगैरे मागू नका, 'वैयक्तिक माहिती' म्हणून कलम ८ खाली फेटाळतील. एवढंच मागा: या आस्थापनेची गेल्या तीन वर्षांत तपासणी कधी झाली आणि तपासणी अहवालाच्या प्रती. तपासणी झालीच नसेल तर तसं लेखी येईल. तेही कामाचंच.

अहमदपूरची_ताई:

अर्ज लिहायला घेतलाय. सुरुवात अशी केलीय: 'सदर कंपनी गरीब मुलांची पिळवणूक करत असून...' बरोबर आहे का?

शिल्पनिदेशक_निवृत्त:

पिळवणूक काढा. तो शब्द वाचला की बाबू लोक फाइल 'कामगार' लिहून दुसरीकडे ढकलतात, आणि कलम १८ प्रमाणे शिकाऊ उमेदवार कामगार नाही, म्हणून तिकडून परत येते. असं लिहा: करार क्रमांक अमुक, ट्रेड अमुक, प्रत्यक्ष नेमणूक डिस्पॅच विभाग अमुक तारखेपासून, बारा तासांच्या पाळ्या अमुक तारखांना, ओव्हरटाइमच्या मंजुरीची प्रत दाखवावी ही विनंती. कलम १५, २० आणि ३० चा उल्लेख. सोबत लॉगबुकच्या पानांचे फोटो, १५ ऑगस्टचं पान सगळ्यात वर. शेवटी मागणी दोन ओळींत: ट्रेडप्रमाणे मशीनवर नेमणूक, नाहीतर उरलेल्या मुदतीसाठी दुसऱ्या आस्थापनेत बदली.

मूळ लॉगबुक कुणाच्या हातात देऊ नका, मागितलं तरी. आणि अर्ज टेबलावर ठेवून येऊ नका. आवक क्रमांक आणि शिक्का मारलेली पोच घेतल्याशिवाय खिडकीसमोरून हलायचं नाही, जेवणाची सुट्टी झाली तरी.