मदत हवी आहे: दादाच्या मनावरचा ताण उतरवायला नाशिकमध्ये कुणाकडे जावं?

नमस्कार मंडळी. माझा मोठा भाऊ, वय 47, राहायला सिडकोत, नोकरी सातपूर एमआयडीसीत. दोन महिन्यांपूर्वी अँजिओप्लास्टी झाली. तंबाखू नाही, दारू नाही, शुगर नॉर्मल, बीपी थोडं वर. त्यामुळे 'याला कसं काय?' हेच सगळे विचारतात.

मला मात्र फारसं नवल वाटलं नाही. आठवड्याला बदलणारी शिफ्ट, फ्लॅटचा हप्ता, वहिनी नाही म्हणून मुलीचं सगळं एकट्यावर. कामावरून आला की वीसेक मिनिटं पार्किंगमध्ये गाडीवर नुसता बसून राहतो, हेल्मेटसुद्धा काढत नाही. विचारलं की म्हणतो, "काही नाही रे, येतोय."

2004 साली 52 देशांतल्या हार्ट अटॅकच्या रुग्णांवरचा इंटरहार्ट अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात धूम्रपान, बीपी, मधुमेह यांच्याच रांगेत कामाचा-घरचा ताण, पैशांची ओढाताण आणि नैराश्य होतं. आमच्या डिस्चार्जच्या कागदावर मात्र 'टेन्शन घेऊ नका' एवढी एक ओळ! ते कसं घ्यायचं नाही, हे कोण सांगणार?

गोळ्या वेळेवर चालू आहेत. कृषीनगरच्या ट्रॅकवर मीच ओढून नेतो. पण समुपदेशक म्हटलं की "मी वेडा आहे का?" म्हणून भडकतो.

नाशिकमध्ये हृदयरुग्णांशी मराठीत नीट बोलणारे समुपदेशक, किंवा अँजिओप्लास्टी झालेल्यांचा एखादा गट माहीत आहे का? फी साधारण किती? आणि घरातल्या अशा माणसाला तुम्ही तयार कसं केलंत? योगाचे व्हिडिओ कृपया नकोत, चाळीस आलेत.